सर्वात वाईट गाणी कोणत्या दशकातली? ऐंशीच्या दशकावरचा आरोप नीट समजून घेऊ या

गेल्या मे महिन्यात आम्ही घरचे चौदा जण मिनीबसने पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालो. कराड मागे पडेपर्यंत गाण्यांवरून चांगलीच जुंपली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेले मामा म्हणत होते, साठच्या दशकानंतर हिंदी गाणं संपलं. वहिनी नव्वदच्या दशकाची बाजू लढवत होती. वीस वर्षांच्या भाच्याला दोघांचंही पटत नव्हतं. पण एका मुद्द्यावर तिघांचं लगेच एकमत झालं: सर्वात वाईट दशक ऐंशीचं. ढाकचिक ठेका, अर्थहीन शब्द, घागरी आणि मडक्यांच्या उतरंडीतून नाचणारे नायक-नायिका.

माझी शाळा आणि कॉलेज त्याच दशकात झालं, त्यामुळे मी पक्षपाती असू शकतो, हे आधीच सांगतो. तरी हा आरोप इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने केला जातो, की तो एकदा नीट उलगडून पाहायला हवा. त्यात काही खरं आहे. पण जे खरं आहे, त्याचं कारण आपण समजतो ते नाही.

आधी ठरवू: मोजायचं काय?

एखाद्या शाळेचा दहावीचा निकाल डोळ्यांसमोर आणा. एका वर्षी शाळेची मुलगी बोर्डात चमकते, पण निम्मा वर्ग नापास होतो. दुसऱ्या वर्षी कोणीच चमकत नाही, पण सगळे साठ-सत्तर टक्क्यांनी पास होतात. यातलं वाईट वर्ष कोणतं? पहिला नंबर पाहिला तर दुसरं, वर्गाचा निकाल पाहिला तर पहिलं.

दशकांच्या भांडणात नेमका हाच घोटाळा होतो. मामा साठच्या दशकातले पहिले नंबर सांगतात आणि ऐंशीतल्या नापासांची यादी वाचतात. ऐंशीचे पहिले नंबर काढायचे तर १९८१ चा 'उमराव जान' आहे. त्यासाठी खय्याम आणि आशा भोसले या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८२ चे 'बाजार' आणि 'अर्थ' आहेत. १९८४ चा 'उत्सव' आहे. १९८७ चा 'इजाजत' आहे. त्यातल्या एकाच गाण्याने गुलजारांना गीतासाठी आणि आशाबाईंना गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. ही यादी कुठल्याही दशकाच्या यादीशेजारी मान वर करून उभी राहते. म्हणजे घसरण झाली असेल तर ती वर्गाच्या निकालात, पहिल्या नंबरात नाही.

खळ्यावरचं धान्य आणि सुपातलं धान्य

मळणी झाल्यावर खळ्यावर जे पडलेलं असतं त्यात दाणे असतात, तशी भुसा, माती, खडेही असतात. मग उफणणी होते, घरी आल्यावर सुपात पाखडलं जातं, शेवटी निवडलं जातं. ताटात भात येतो तेव्हा त्यात खडा नसतो, म्हणून शेतात खडे नव्हतेच असं कोणी म्हणत नाही. गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण अगदी हेच म्हणतो.

पन्नासच्या दशकात वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे हिंदी चित्रपट येत. एका चित्रपटात सात-आठ गाणी सहज असत, काहींत त्याहून जास्त. दहा वर्षांचा हिशोब केला तर आठ हजारांच्या आसपास गाणी होतात. जुन्या गाण्यांचा मोठा दर्दीसुद्धा त्यातली हजारभर सांगू शकेल. तुमच्या-माझ्यासारख्याच्या ओठांवर दोनशे आली तरी खूप. उरलेल्या हजारो गाण्यांचं काय झालं? रेडिओने ती लावणं बंद केलं, तबकड्या झिजल्या, ऐकणारे गेले. सत्तर वर्षांच्या पाखडणीतून जे उरलं त्याला आपण 'पन्नासचं दशक' म्हणतो.

अभ्यासकांनी या चुकीला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह असं नाव दिलं आहे. जे टिकलं तेवढंच पाहून सगळं तसंच होतं असं मानणं, एवढाच त्याचा अर्थ.

ऐंशीच्या दशकाची गोची अशी, की त्याची पाखडणी अर्धवट राहिली. त्या काळातला फोलकटही व्हिडिओ कॅसेटवर आणि टीव्हीवर टिकून राहिला, आणि आज मोबाइलवर गंमत म्हणून फिरतो. १९५४ सालच्या पडेल चित्रपटातलं वाईट गाणं कोणी कोणाला पाठवत नाही, कारण ते बहुतेक कोणाकडे नाहीच.

सुवर्णकाळाला त्या काळी काय म्हणत?

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण चित्रपटसंगीत त्यांना उथळ आणि पाश्चात्त्यांची नक्कल करणारं वाटे. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांचं प्रमाण कमी केलं. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी गाणी लावण्याचे परवाने मागे घेतले आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ दिसेनाशी झाली.

हे वर्ष कोणतं, ते पुन्हा पाहा: १९५२. नौशाद यांचं संगीत असलेला 'बैजू बावरा' याच वर्षी आला. आज ज्याच्या रागदारीचे दाखले देतो, त्या संगीताच्या ऐन बहरात देशाचा मंत्री चित्रपटगीतांना सरकारी रेडिओवर जागा द्यायला नाखूश होता. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिने बांधून घेतली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारने गाण्यांना परत घरात घेतलं.

केसकरांना कान नव्हता असं मला मुळीच म्हणायचं नाही. चांगला कान असलेला माणूससुद्धा खळ्यावर उभा असताना आधी भुसाच पाहतो, हे इथे दिसतं.

वय वर्षं तेवीस

अमेरिकेतले मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अभ्यासकांनी १९८९ साली एक निष्कर्ष मांडला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवून पसंती विचारली, तर कल सर्वात जास्त होता तो माणूस साधारण २३-२४ वर्षांचा असताना गाजलेल्या गाण्यांकडे. मानसशास्त्रात याच्याशी जुळणारी आणखी एक गोष्ट माहीत आहे: म्हातारपणी माणसाला आयुष्य आठवायला सांगितलं, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकीच्यांपेक्षा दाट येतात. सपाट माळावर मध्येच टेकाड असावं, तसा हा आठवणींचा उंचवटा.

पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घरापासून दूरची पहिली खोली, हे सगळं त्याच वर्षांत घडतं आणि मागे कुठलं तरी गाणं चालू असतं. पुढे ते गाणं ऐकलं की खोलीसकट परत येतं. मामा १९४८ चे. विशीत शिरताना, म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या कानांवर काय होतं ते पाहिलं की त्यांची बाजू कळते. वहिनीचंही तसंच. त्यांच्या आवडीत खोट काहीच नाही. ती आवड जितकी दशकाविषयी सांगते तितकीच त्यांच्याविषयीही सांगते, इतकंच.

मग ऐंशीत खरोखर काही घडलंच नाही का?

घडलं. माझं मत असं, की साधारण १९८३ ते १९८७ या पाच वर्षांत हिंदी चित्रपटातल्या सरासरी गाण्याची प्रत खरंच खाली आली. पण दशक हे मुळात मोजायचं वाईट माप आहे. तालुक्याची हद्द ओलांडली म्हणून माती बदलत नाही, तसं ३१ डिसेंबरला संगीत बदलत नाही. १९८० ते ८२ हा सत्तरचाच विस्तार आहे, आणि १९८८ च्या 'कयामत से कयामत तक'पासून पुढचा काळ नव्वदच्या दशकाचा. आरोप आहे तो मधल्या पाच वर्षांवर.

लोक पहिलं कारण सांगतात ते मोठी माणसं गेल्याचं. ते खोटं नाही. मदन मोहन जुलै १९७५ मध्ये गेले, सचिन देव बर्मन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मुकेश १९७६ मध्ये. १९८० च्या जुलैत मोहम्मद रफी गेले, ऑक्टोबरमध्ये साहिर. १९८७ मध्ये किशोर कुमार. इतकी झाडं पडल्यावर सावली कमी होणारच.

तरी या कारणाने सगळं उलगडत नाही, कारण बरेच जण होतेच की. इंदीवर यांचं पाहा. १९६८ च्या 'सरस्वतीचंद्र'मध्ये 'चंदन सा बदन' लिहिणारा हा कवी. १९८३ च्या 'हिम्मतवाला'ची गाणीही त्यांचीच. त्या चित्रपटाचे संगीतकार बप्पी लाहिरी, आणि त्याच बप्पींनी १९८५ च्या 'ऐतबार'मध्ये भूपिंदर आणि आशाबाईंकडून 'किसी नज़र को तेरा इंतज़ार आज भी है' गाऊन घेतलं. ती गझल एकदा शांतपणे ऐका. हात तेच, कान तेच. बदललं होतं ते त्यांच्याकडे येणारं काम.

काम का बदललं? १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. आमच्या आळीत शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने आणून पहाटेपर्यंत तीन-तीन पिक्चर पाहिले जात. गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाली. सहकुटुंब चित्रपटगृहात जाणारा मध्यमवर्ग घरी बसला. निर्मात्याच्या हाती राहिला तो पुढच्या रांगांतला तरुण पुरुष प्रेक्षक, आणि त्याच्यासाठी मारधाडीचे चित्रपट निघू लागले. सूडाच्या कथेत विरह, रुसवा, वाट पाहणं यांना जागा कुठून मिळणार? गाणं कथेला पुढे नेत नव्हतं, दोन मारामाऱ्यांच्या मधली सुट्टी झालं होतं.

गाण्याला चित्रपटात काम उरलं नाही, आणि काम नसलेल्या माणसावर कोणी खर्च करत नाही. पूर्वी एका चालीसाठी संगीतकार आणि कवी यांची 'सिटिंग' दिवसच्या दिवस चाले. १९८६ या एका वर्षात बप्पी लाहिरींनी ३३ चित्रपटांसाठी १८० हून अधिक गाणी केली आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. म्हणजे दर दोन दिवसांना एक गाणं. जगातला कुठला स्वयंपाकी या वेगाने पंगत वाढेल आणि प्रत्येक आमटीला तीच चव ठेवेल?

याला उलटा पुरावाही आहे. १९८८-८९ मध्ये प्रेमकथा परत आल्या, गाण्याला पुन्हा काम मिळालं आणि दोन वर्षांत चित्र पालटलं. १९८९ च्या 'मैंने प्यार किया'चे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या चित्रपटांना वर्षानुवर्षं चाली देणारे. ते काही १९८९ मध्ये नव्याने संगीत शिकले नव्हते.

"पण यंत्रांनीच वाट लावली ना?"

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात माणसांची पोटं आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातला वाद्यवृंद मोठ्या प्रमाणावर गोव्याने उभा केला. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत आले. संगीतकाराने पेटीवर चाल म्हणून दाखवायची आणि अरेंजरने, म्हणजे वाद्यमेळ लिहून काढणाऱ्याने, पन्नास-साठ वादकांचे कागद तयार करायचे. सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. सिंथेसायझर आला, वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेळी मुद्रित करण्याची सोय आली, आणि पुढच्या काही वर्षांत एका खोलीत एकत्र श्वास घेणारा तो वृंद पांगला. हे नुकसान खरं आहे. ते भरून आलेलं नाही.

पण यंत्राने गाणं वाईट केलं हे वाक्य वेगळं. मुंबईतले एक स्टुडिओ-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी काढली. तेव्हा ती कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि युरोपातले नृत्यसंगीताचे जाणकार थक्क झाले. पुढे जी शैली परदेशात जन्मली म्हणून सांगितली जाते, तिच्या खुणा इथे काही वर्षं आधीच होत्या. सत्तरी गाठलेल्या चरणजितना परदेशात कार्यक्रमांना बोलावणी आली. त्याच दशकात, त्याच यंत्रांवर हे घडलं. मिक्सरवर वाटण बेचव झालं, तर आधी पाहायचं की वाटणाला वेळ आणि मसाला किती दिला होता.

"आणि चोरलेल्या चाली?"

त्या होत्या, आणि चोरी ती चोरीच. फक्त ती ऐंशीत सुरू झाली नाही. १९६१ च्या 'छाया'मध्ये सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवर गाणं बेतलं. त्यांनी त्यावर स्वतःचं काम केलं, ऐंशीत अनेकांनी ते केलं नाही. फरक तेवढा, आणि तो मोठा आहे.

"संगीत बिघडतंय हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय"

हे वाक्य एका अभ्यासावरून येतं. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली सुमारे ४ लाख ६४ हजार गाणी संगणकाने तपासली. स्वरांच्या जोडण्यांतलं वैविध्य घटलं, ध्वनीचा पोत एकसारखा होत गेला आणि ध्वनिमुद्रणं अधिकाधिक मोठ्या आवाजाची झाली, असं त्यांना दिसलं. पण तो अभ्यास पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा होता, आणि 'चांगलं-वाईट' त्यांनी मोजलंच नव्हतं. आमटीत मिरच्या किती पडल्या हे मोजता येतं, आमटी जमली का ते त्यातून कळत नाही. आपल्या गाण्यातली एखादी मुरकी, शब्दावर घेतलेला ठहराव, हे तर त्या मापात येणारही नाही.

ज्या दशकाने दुसऱ्यांना दार उघडलं

आता एक गोष्ट, जी या वादात कोणी काढत नाही आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते. ऐंशीच्या आधी गाणं विकायचं म्हणजे तबकडी, आणि तबकडीच्या धंद्यात एचएमव्हीची जवळपास मक्तेदारी. काय मुद्रित व्हायचं हे मोजकी माणसं ठरवत. मग कॅसेट आली: स्वस्त, छोट्या गाळ्यात नक्कल करता येणारी, पानाच्या टपरीवरही विकता येणारी. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टी-सीरिजने यावरच आपला डोलारा उभा केला. त्यात नकली माल आणि जुन्या गाण्यांच्या स्वस्त आवृत्त्याही भरपूर होत्या, ते नाकारता येत नाही.

पण त्याच कॅसेटवर आपल्याकडे भीमगीतं वस्त्यावस्त्यांत पोचली, कोळीगीतं, भारुडं, जत्रेतली गाणी पोचली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या प्रत्येक टपरीतून येऊ लागला, आणि आनंद शिंदे यांचं 'जवा नवीन पोपट हा' ऐकलं नाही असं घर उरलं नाही. ज्यांना मुंबईच्या स्टुडिओचं दार कधी उघडलं नव्हतं, त्यांच्यासाठी हे वाईट दशक नव्हतं. 'सर्वात वाईट' म्हणताना आपण कोणाची गाणी मोजतो, हाही प्रश्न आहेच.

आजच्या गाण्यांचं काय?

भाच्याचा प्रश्न हाच होता. आज आपण पुन्हा खळ्यावर उभे आहोत, धूळ डोळ्यांत जाते आहे, तेव्हा निकाल द्यायची ही वेळ नव्हे. पण ऐंशीवरून एक प्रश्न आजच्या गाण्याला विचारता येतो: तुला काम काय दिलंय? पहिल्या काही सेकंदांत ऐकणाऱ्याचा अंगठा थांबवायचा, एवढंच काम दिलं, तर सुरुवातीचं संगीत आखडणार आणि अंतरे तुटणार. तेच गाणं कथेत पेरलं की फुलतं, हे अजय-अतुल यांच्या 'सैराट'मध्ये २०१६ साली आपण पाहिलं आहे.

सहलीहून आल्यावर मी आणि मामांनी एक प्रयोग केला. १९५६ आणि १९८६ या दोन वर्षांच्या हिंदी चित्रपटांच्या याद्या काढल्या, नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक वर्षाच्या वीस उचलल्या. प्रत्येक चित्रपटातलं एक गाणं, मिळेल ते, लावायचं. १९८६ च्या वीसपैकी तेरा गाणी मामांनी मधेच बंद करायला लावली. १९५६ ची दोन मिळालीच नाहीत, चार त्यांच्या ओळखीची निघाली, तीन त्यांनी मान डोलावत पूर्ण ऐकली, आणि दहा दुसऱ्या अंतऱ्याच्या आत थांबवायला सांगितली. त्यांच्या लाडक्या काळातली दहा गाणी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

उरलेलं एक गाणं चौदाव्या चिठ्ठीचं. ना चित्रपट ऐकलेला, ना चाल. साधी सतार, मागे अगदी हलका ठेका, गायिकेचा आवाज किंचित अनुनासिक. मामांनी ते तीन वेळा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा संपल्यावर चष्मा घालून त्यांनी आपली जुनी वही उघडली आणि गायिकेचं नाव लिहून घेतलं.